वात बारीक करणारी आजी

आमच्या गावी दिवेलागणीची तयारी दुपारीच सुरू व्हायची. कंदिलाची काच राखेने घासायची, मऊ फडक्याने लख्ख पुसायची, वात कात्रीने सरळ कापायची आणि रॉकेल भरायचे. ही कामे आम्हा मुलांची. आजीची पोथी वाचून झाली की ती आधी वात बारीक करी, मग पोथी बांधून ठेवी. रॉकेल रेशनचे होते, उजेडही मापानेच मिळायचा.

वडिलांकडे तीन सेलची बॅटरी होती. टॉर्चला गावात बॅटरीच म्हणत. उजेड पिवळा पडला की सेल उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी एखादी रात्र निघायची. त्या इवल्या बल्बमधली तार तापायची तेव्हा कुठे उजेड पडायचा. बहुतेक वीज उष्णतेतच जायची.

२००१ साली पुण्यात शिकत असताना तपकीर गल्लीतल्या एका दुकानात मी पहिल्यांदा पांढरा एलईडी पाहिला. लाल, हिरवे एलईडी रुपया-दोन रुपयांना मिळत. हा मात्र दुकानदाराने काउंटरखालच्या डबीतून काढला आणि चाळीस रुपये सांगितले. दोन वेळचे जेवण बाजूला ठेवून मी तो घेतला. तीन पेन्सिल सेल, एक रेझिस्टर, साबणाची डबी, असा दिवा करून गावी नेला. निळसर, थंड उजेड पोथीच्या जेमतेम एका पानावर पडला. आजीने बोट लावून पाहिले. चटका बसला नाही. "ह्याला रॉकेल नको?" एवढेच तिने विचारले.

त्या एका ठिपक्यामागे तीस वर्षांची चिकाटी होती. लाल एलईडी १९६२ सालीच तयार झाला होता; अडले होते ते निळ्यावर. जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा हे शास्त्रज्ञ गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे झटत राहिले. १९९३ मध्ये लख्ख निळा एलईडी बाजारात आला. त्यावर पिवळ्या स्फुरदीप्त पावडरीचा थर दिला, की निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. असा एलईडी १९९६ मध्ये विक्रीला आला, तेव्हा तो एका वॅटला सुमारे पाच ल्युमेन उजेड देई, म्हणजे साध्या बल्बच्याही निम्म्याहून कमी. आज चांगले छोटे एलईडी दीडशेच्या पुढे जातात. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले, तेव्हा मला साबणाची ती डबी आठवली.

उजेड वाढला, तशी किंमत उतरली. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता. २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. माझ्या मुलाने परवा आकाशकंदिलासाठी शंभर पांढऱ्या एलईडींची माळ आणली, तीही माझ्या त्या एका एलईडीच्या जुन्या किमतीच्या दुपटीत. भारनियमनाच्या काळात मेणबत्तीशी अभ्यास केलेल्या आमच्या पिढीला ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्याला सांगून कळत नाही. शेतावरच्या खोपटात, मासळीच्या टोपलीशेजारी, हातगाडीवर आज जो पांढरा दिवा दिसतो, तो याच काटकसरी एलईडीचा आहे.

मला एकच खटकते. दिवा स्वस्त झाला आणि तो मालवण्याची सवय गेली. रिकाम्या खोल्यांत, जिन्यांत, भर दुपारीही दिवे जळत असतात. नऊ वॅटचा बल्ब साठ वॅटचे काम करतो खरा, पण वाचलेली वीज विनाकारण जळणाऱ्या दिव्यांत गेली, तर त्या शास्त्रज्ञांची चिकाटी वाया जाते. आजीला ल्युमेन ठाऊक नव्हते. वाचन संपले की वात बारीक करायची, एवढे ठाऊक होते. खोलीतून उठताना बटण बंद करा.