चेहरा नसलेली आई

हुसेन म्हटलं की लोकांना घोडे आठवतात, नाहीतर वाद. मला आठवते ती मदर तेरेसा. १९८० च्या सुमारास त्यांनी ही चित्रं काढायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षं काढत राहिले. पांढरी साडी, निळे काठ, मांडीवर मूल... आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. आधी वाटायचं, असेल काहीतरी मॉडर्न आर्टवाल्यांची स्टाइल.

कारण साधं आहे, आणि कळल्यावर पोटात तुटतं. हुसेन मूळचे पंढरपूरचे, जन्म १९१५ चा. दीडेक वर्षाचे असताना त्यांची आई गेली. तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. मग चेहरा आणणार कुठून?

एक्स्प्रेशनिझम म्हणजे तरी काय, डोळ्यांना दिसतं ते सोडून आत खुपतं ते रंगवायचं. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकची आई तो पाच वर्षांचा असताना क्षयाने गेली. त्याच्या एका चित्रात मेलेल्या आईच्या पलंगापाशी एक पोरगी दोन्ही कानांवर हात दाबून उभी आहे.

हे सगळं आत्ता का? तर आमची लेक चौदा महिन्यांची आहे. बायको रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला, मी खराडीला, म्हणून आम्ही राहतो शिरूरला. लेक आठवडाभर दौंडला, माझ्या आईकडे. आईमुळेच आमचं चाललंय, हे आधी सांगतो. शनिवारी न्हावरे-चौफुला मार्गे, उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत आम्ही दौंड गाठतो. एरवी रोज रात्री व्हिडिओ कॉल. लेक स्क्रीनला बोट लावून "आई" म्हणते, पापा पण देते.

गेल्या शनिवारी ती अंगणात पडली. बायको धावली. लेक रडत रडत तिच्या बाजूने निघून आजीला बिलगली. बायको तेव्हा काही बोलली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "ओळखते रे ती मला. पण लागलं की मी आठवत नाही."

हुसेनना आईचा चेहरा मिळाला नाही, ते मांडी रंगवत राहिले. आमच्या लेकीला चेहरा रोज रात्री आठ वाजता मिळतो. मांडी फक्त शनिवार-रविवार.

असो. शिरूरमध्ये पाळणाघर शोधतोय. रांजणगावच्या शिफ्टच्या वेळा सांभाळणारं एखादं चांगलं माहीत असेल तर नक्की कळवा.