लेबलाखालचं तांबं

अकोला, मे महिना

चि. सुमेध,

लॅपटॉपमधल्या एसएसडीवरचं, म्हणजे माहिती साठवणाऱ्या पट्टीवरचं, स्टिकर सोलून टाकून तिथे उष्णता काढून घेणारा धातूचा हीटसिंक चिकटवायचा तुझा बेत समजला. ‘काढू नकोस’ एवढं लिहिलं असतं तरी काम भागलं असतं. पण कारण कळल्याशिवाय तू कुणाचं ऐकत नाहीस, तेव्हा जरा बैजवार सांगते.

तू पाठवलेला फोटो मोठा करून बघ. लेबलाच्या कडेला तांबूस रेघ दिसते. छापील कागदाच्या खाली तिथे तांब्याचा पातळ पत्रा आहे. अनुक्रमांक आणि कंपनीचं नाव मिरवणारं ते लेबल उष्णता पसरवायचं काम करतं. तू ते सोलणार आणि त्याच कामासाठी दुसरं काहीतरी विकत आणून लावणार!

हे तांबं तिथे आलं कसं, ते ऐक. सुरुवातीला लॅपटॉपमधली एसएसडी अडीच इंची डबीत यायची. ती साटा जोडणीवर चालायची आणि त्या जोडणीतून सेकंदाला सुमारे ६०० मेगाबाइटपेक्षा जास्त माहिती जातच नसे. काम बेताचं, डबी ऐसपैस, त्यामुळे तापण्याची तक्रार फारशी नव्हती. मग २०११ मध्ये वेगवान ड्राइव्हसाठीच्या एनव्हीएमई पद्धतीचं पहिलं मानक आलं आणि पुढच्या काही वर्षांत एम.२ नावाची उघडी पट्टी लॅपटॉपमध्ये शिरली. तुझ्या पट्टीवर कुठेतरी २२८० लिहिलेलं असेल, म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८०. डबी गेली, जागा आक्रसली, आणि वेग मात्र आधी साडेतीन हजार, मग सात हजार मेगाबाइटपर्यंत चढला. जोरात काम चाललं की अशी पट्टी पाच-आठ वॉट सहज खाते, आणि ती सगळी शेवटी उष्णताच होते.

सॅमसंगची ९५० प्रो २०१५ मध्ये आली तेव्हा परीक्षकांना हेच आढळलं. सलग मोठं काम दिलं की ती तापायची आणि वेग आपोआप उतरायचा. लॅपटॉपच्या पोटात हीटसिंक बसवायला जागा कुठली? म्हणून पुढच्या वर्षीच्या ९६० मालिकेत त्यांनी मागच्या लेबलातच तांब्याचा थर घातला. जाडी जवळपास तेवढीच राहिली आणि पट्टीवर उष्णतेला वाट मिळाली. पुढे इतरांनीही तसंच केलं; कुणी लेबल वर लावतं, कुणी पाठीमागे. शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत लेबल काढलं तर वॉरंटी संपली अशी अट असते, ती वेगळीच.

पण तांबं उष्णता नाहीशी करत नाही, फक्त फैलावतं. पट्टीवर सगळ्यात जास्त तापतो तो कंट्रोलर, नखाएवढी चौकोनी चिप. शेजारच्या मोठ्या काळ्या चिपा म्हणजे फ्लॅश मेमरी, तुझी माहिती राहते ती जागा. कंट्रोलरची धग एकाच ठिकाणी साचू न देता पट्टीभर पसरवायची, एवढंच त्या लेबलाचं काम. तिथून ती बाहेर काढायला हवा लागते, नाहीतर एखादा धातूचा पत्रा.

आता थोडी गंमत. आपण ‘एसएसडी तापली’ म्हणतो, पण कंट्रोलर आणि फ्लॅश यांना उष्णता सारखी मानवत नाही. फ्लॅशच्या मुळाशी असलेली कल्पना बेल लॅब्जमधल्या दावॉन कांग आणि सायमन झे यांची, १९६७ सालची. चारी बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेल्या एका कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, म्हणजे वीज गेली तरी नोंद टिकते. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७ मध्ये याच तत्त्वावरची नँड फ्लॅश मांडली, आणि आजच्या जवळपास सगळ्या एसएसडी तिच्याच वंशातल्या. दरवेळी लिहिताना आणि पुसताना इलेक्ट्रॉन त्या रोधक थरातून ढकलले जातात, त्याने थराला थोडी इजा होते. चिप उबदार असेल तर ही इजा काही अंशी भरून निघते. उलट लॅपटॉप बंद असताना उष्णता असेल, तर कोंडलेले इलेक्ट्रॉन लवकर झिरपतात. वड्यांचंही असंच असतं बघ. पाक गरम असतानाच थापावा लागतो, पण डब्यात भरायच्या त्या गार करूनच.

जेडेक ही मानकं ठरवणारी संस्था हेच आकड्यांत सांगते. घरगुती एसएसडी रोज आठ तास ४० अंशांवर चालवली, लिहिण्याची ठरलेली सगळी मर्यादा संपवली, आणि मग बंद करून ३० अंशांत ठेवली, तरी तिने वर्षभर माहिती जपली पाहिजे. ही अट वापरून झिजलेल्या ड्राइव्हसाठी आहे. नवी त्याहून कितीतरी जास्त टिकते. पण बंद ठेवलेल्या जागेचं तापमान पाच-पाच अंशांनी वाढत गेलं की ही मुदत दरवेळी जवळपास निम्मी होते, हे मात्र लक्षात ठेव. तिकडे दोह्याच्या उन्हाळ्यात तुझी जुनी बाहेरची एसएसडी गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेली असते, असं वहिनी परवा म्हणत होती. ती आजच घरात आण. एसी खोलीत फाइल कॉपी करताना ६० अंश दिसले, तर त्याची काळजी नको.

तर आता करायचं काय? आधी मोजायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम घे किंवा स्मार्टसीटीएल चालव. एनव्हीएमई ड्राइव्ह आपलं तापमान केल्विनमध्ये सांगते. एखाद्या ठिकाणी ३४३ दिसलं तर घाबरू नकोस, त्यातून २७३ वजा कर, ७० उरतात. त्याच अहवालात धोक्याची पातळी कुठे सुरू होते ते असतं, आणि आजवर ड्राइव्ह त्या पातळीच्या वर किती मिनिटं होती याचाही हिशोब असतो. तो शून्य असेल तर तुझा हीटसिंकचा खर्च वाचला!

वेग उतरला की तापलीच असेल असं धरून चालू नकोस. बऱ्याच ड्राइव्ह सुरुवातीचे काही गिगाबाइट एका झटपट भागात उतरवतात. तो भरला की वेग धपकन पडतो आणि ड्राइव्ह जितकी भरलेली तितका तो भाग लहान होतो. ५० अंशांना वेग पडला तर हे कारण. ८०च्या आसपास पडला तर उष्णता. पहिल्यासाठी जागा मोकळी कर, दुसऱ्यासाठी पुढे वाच.

लॅपटॉपच्या तळाच्या झाकणाची आतली बाजू धातूची असेल तर पट्टी आणि झाकण यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा मऊ थर्मल पॅड ठेवता येतो. तो लेबलावरच लावायचा. आधी मधली फट मोज. जाड पॅड कोंबलास तर स्क्रू आवळताना पट्टी वाकेल. पॅडच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टिक काढायचं. माझे विद्यार्थी एका बाजूचं हमखास विसरतात. पॅड लावल्यावर तळाचं झाकण गरम लागेल, म्हणजे उष्णता बाहेर पडतेय. मग लॅपटॉप मांडीवर किंवा गादीवर न ठेवता टेबलावर ठेव. आणि बॅगेत घालताना नुसतं स्क्रीनचं झाकण मिटू नकोस. हल्लीचे काही लॅपटॉप झाकण मिटल्यावरही आत जागेच असतात आणि बॅगेत कोंडून तापतात. शटडाउन कर, नाहीतर हायबरनेट.

मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी काय तापमान दिसलं ते लिहून पाठव. फटीचं मापही कळव, मग पॅड किती जाडीचा घ्यायचा ते ठरवू. पण त्याआधी तुझ्या कामाच्या साइटवर ड्रोनने काढलेल्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर काढ. ड्राइव्ह फार तापू न दिल्याने तिचं आयुष्य वाढेल, पण एखादी कंट्रोलरची चिप गार असतानाही अचानक बंद पडते. त्या दिवशी ना तांबं उपयोगी पडेल ना आत्याचं पत्र.

तुझी,
आत्या