कूस बदलताना

मुलगी डॉक्टर होणार म्हटले की घरातल्या सगळ्यांची मान ताठ होते. तीच मुलगी 'मला नर्स व्हायचे आहे' म्हणाली, की मात्र घरात शांतता पसरते. आजारी पडल्यावर नर्सच्या हाताची वाट सगळेच पाहतात, पण तो हात आपल्या मुलीचा असावा असे फार थोड्यांना वाटते.

भुसावळच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्येही अशीच शांतता पसरली होती. वडील विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये फिटर, आई घर सांभाळून शिवणकाम करणारी, आणि खाटेवर आजी. थोरली मुलगी २०२३ साली बारावी झाली. 'नीट'ची परीक्षा दिली, पण गुण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचले नाहीत. खासगी महाविद्यालयाच्या फीचा आकडा ऐकून वडिलांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. पुन्हा एक वर्ष अभ्यास करायचा असे ठरले.

ते वर्ष मात्र वेगळेच गेले. दिवाळीनंतर आजी न्हाणीघरात घसरली आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पुढचे तीन महिने ती अंथरुणातच होती. आईची पाठ दुखायची आणि वडिलांना पाळीचे काम. मग आजीचे सगळे नातीकडे आले. दवाखान्यातल्या एका सिस्टरने तिला दाखवून दिले होते, की दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुती राहू द्यायची नाही, पाठ आणि टाचा रोज उजेडात पाहायच्या. कातडी लाल दिसली तर ती जखमेची सुरुवात. मुलीने भिंतीवर कागद चिकटवला आणि वेळा लिहून ठेवल्या. एका हाताखाली जीवशास्त्राचे पुस्तक, दुसऱ्या हाताशी घड्याळ. तीन महिन्यांनी आजी काठी घेऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती.

त्या दिवसांतच मुलीच्या मनाने घेतले. तिला रोगाचे नाव सांगणारे व्हायचे नव्हते, रोग्याजवळ थांबणारे व्हायचे होते.

लष्कराची वाट

चौकशी करता करता तिला लष्करी परिचर्या सेवेची माहिती मिळाली. लष्कराच्या रुग्णालयांशी जोडलेली बी.एस्सी. नर्सिंगची सहा महाविद्यालये आहेत : पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूर आणि लखनौ. सगळ्यांच्या मिळून जागा २२०, त्यातल्या लखनौच्या ४०. शिक्षण चार वर्षांचे. राहणे, जेवण आणि शिकणे सरकारी खर्चाने, वर दरमहा विद्यावेतन. अभ्यासक्रम पुरा करणारी मुलगी लेफ्टनंट म्हणून अधिकारीपदावर रुजू होते. त्यासाठी आधी सेवेचा करार लिहून द्यावा लागतो. मध्येच सोडून जायचे तर बाँडची रक्कम भरायची.

अटीही कडक. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजीत मिळून निदान ५० टक्के, तेही पहिल्याच प्रयत्नात. 'नीट' तर हवीच. त्यापुढे सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी.

"एवढ्या परीक्षा द्यायच्या, आणि व्हायचे काय? नर्स!" वडील म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यातली निराशा लपली नाही.

आजी तर उघडच नाराज होती. "दुसऱ्यांची घाण काढायला का तुला शिकवली?"

मुलगी काही बोलली नाही. खाटेखालचे भांडे कालपरवापर्यंत कोणी उचलले होते, हे तिला सहज विचारता आले असते. तिने विचारले नाही.

खरी अडचण अर्जातल्या एका शब्दाने केली. उमेदवार अविवाहित हवी. कायद्याने विभक्त, घटस्फोटित किंवा विधवा असून मागे जबाबदारी नसेल तरी चालते, पण नवरा असलेली चालत नाही. आणि नेमके त्याच वेळी आत्याने स्थळ आणले होते. मुलगा पुण्यात अभियंता, माणसे चांगली, देण्याघेण्याची अपेक्षा नाही. "लग्नानंतर तिथेच शिकू दे की तिला. ते लोक नाही कुठे म्हणतात?" आत्या म्हणाली. आईलाही ते पटू लागले. खाली अजून एक मुलगी होती, आणि असे स्थळ दाराशी पुन्हा येईल याची खात्री कोण देणार?

त्यातच शेजारच्या निवृत्त हवालदारकाकांनी भर घातली. "आमच्या वेळी मिलिटरी हॉस्पिटलमधल्या सिस्टरने लग्न केले की नोकरी जायची. नीट विचार करा." वडिलांच्या मनात हे फार खोल रुतले. चार वर्षे मुलीला थांबवायचे, आणि नंतर एक तर नोकरी किंवा संसार. हा कुठला न्याय?

लखनौतून आलेले उत्तर

या शंकेचे उत्तर वर्तमानपत्रातून आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिना जॉन यांच्या खटल्याचा निकाल दिला. लष्करी परिचर्या सेवेत लेफ्टनंट असलेल्या सेलिना जॉन यांना १९८८ साली, लग्न केले म्हणून सेवेतून मुक्त करण्यात आले होते. त्या लढत राहिल्या. २०१६ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या लखनौ खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला. सरकार वर गेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्त्रीने लग्न केले म्हणून तिची नोकरी काढून घेणे हा उघड भेदभाव आहे. पुन्हा नोकरीवर घेण्याऐवजी ६० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. निकालात आणखी एक गोष्ट नोंदलेली होती. लग्नावरून काढण्याचा तो १९७७ चा नियम १९९५ सालीच मागे घेतला गेला होता.

वडिलांनी बातमी दोनदा वाचली. मग हवालदारकाकांना नेऊन दाखवली. "म्हणजे तुमचे खरे होते," ते म्हणाले, "पण तुमच्या काळापुरते." काकांनी चष्मा पुसत मान हलवली.

त्या रात्री वडील मुलीच्या टेबलापाशी येऊन बसले. "चार वर्षे लग्नाचा विषय काढणार नाही. पण करारावर सही केलीस, तर मध्येच रडत परत यायचे नाही. तेवढे पैसे आपल्याकडे नाहीत."

"नाही येणार," मुलगी म्हणाली.

आत्याला निरोप द्यायचे काम राहिले होते. ते कोणी करावे याची कुजबुज सुरू असताना खाटेवरून आवाज आला. "मी सांगते." आजीने फोन मागून घेतला. "पोरीला शिकायचे आहे. अगं, तीन महिने तिने माझे सगळे केले, आणि मला एकदाही लाज वाटू दिली नाही. तुझ्यामाझ्यात आहे का ती ताकद?"

स्थळ गेले. पुढे त्या मुलाचे दुसरीकडे जमले. आईला मधूनमधून त्याची हळहळ वाटली, हेही खरे.

तयारी

मग घर अभ्यासाला लागले. पहाटे भौतिकशास्त्र, कारण तेच कच्चे होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक वजा. म्हणून न येणारा प्रश्न सोडून द्यायला शिकणे हाही अभ्यासच होता. इंग्रजीसाठी वडील शेडमधून येताना जुने इंग्रजी वर्तमानपत्र आणत आणि ती ते मोठ्याने वाचून दाखवत असे. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आईने त्याच्या जोडीला रोजच्या बाजरीच्या भाकरीबरोबर पालेभाजी, आणि शेंगदाणे-गूळ सुरू केले. संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर चार फेऱ्या.

५ मे २०२४ ला 'नीट' झाली. ४ जूनला निकाल लागला आणि देशभर गोंधळ उडाला. पेपरफुटीचे आरोप, वाढीव गुणांचा वाद, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. परीक्षा पुन्हा होणार की नाही, हे जुलैच्या तेवीस तारखेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. तेवीसला न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी फेटाळली, सव्वीसला सुधारित निकाल आला. ते दोन महिने मुलीने कसे काढले हे आईला विचारावे. पुस्तक मिटायचे की उघडायचे, हेच कळत नव्हते. तिने उघडे ठेवले.

पुढच्या पायऱ्या ती एकेक करून चढली. मुलाखतीत विचारले, नर्सच का? तिने सेवा, त्याग असले शब्द वापरले नाहीत. भिंतीवरच्या कागदाची आणि दर दोन तासांच्या वेळांची गोष्ट सांगितली.

निवड झाली. गुणवत्ता आणि पसंतीक्रम पाहून महाविद्यालय मिळते. तिची पहिली पसंती पुण्याला होती, मिळाले लखनौ. आईचा चेहरा उतरला. इतक्या लांब, परक्या मुलखात! वडील मात्र रेल्वेचे माणूस. "पुष्पक आपल्या भुसावळला थांबते," ते म्हणाले. "इथे बसली की दुसऱ्या दिवशी लखनौ. आणि परका मुलूख कसला? आपल्या भातखंडेबुवांनी १९२६ साली तिथेच तर गाण्याचे कॉलेज काढले." लष्करी परिचर्या सेवेची आजच्या स्वरूपातली उभारणीही त्याच १९२६ सालची, हे मुलीने त्यांना सांगितले तेव्हा त्यांना विलक्षण आनंद झाला. जणू त्यांच्याच बाजूचा पुरावा मिळाला!

आपल्याकडे ही वाट तशी जुनीच आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले, तेव्हाही लोकांनी नाके मुरडली होती. शंभराहून अधिक वर्षे झाली. नाके अजून तीच आहेत, पण वाटेवरून चालणाऱ्या मुली वाढल्या.

छावणीतल्या त्या कमांड हॉस्पिटलच्या आवारात तिची पहिली थंडी कठीण गेली. सकाळी धुके इतके, की समोरची इमारत दिसू नये. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे असे विषय, आणि वेळेची शिस्त अशी की दोन मिनिटांचा उशीरही खपत नाही. पहिल्या महिन्यात ती दोनदा रडली. घरी कळवले नाही.

एका रविवारी मात्र तिचा फोन आला. प्रशिक्षिकेच्या देखरेखीखाली तिने त्या आठवड्यात प्रथमच एका म्हाताऱ्या रुग्णाची चादर बदलली होती, त्यांना कुशीवर वळवले होते. कुणा जवानाची आई होती ती. वळवून झाल्यावर म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जीती रहो बिटिया."

आईने डोळ्यांना पदर लावला. वडील खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आजीने मात्र फोन स्वतःकडे ओढून घेतला. तिला आशीर्वादाचे काही नव्हते. तिला एवढेच विचारायचे होते :

"पाठ पाहिलीस का नीट त्यांची? लाल तर नव्हती?"