दुसऱ्याच्या कथेत राहणारे

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये थांबली. तिच्या चाहत्यांनी मात्र ती थांबू दिली नाही. १९६७ मध्येच ‘स्पॉकनेलिया’ हे त्यांचे नियतकालिक निघाले; पुढे अशी कित्येक चक्रमुद्रित अनियतकालिके टपालाने घरोघर फिरू लागली. त्यांतील कथा बहुतांशी स्त्रियांनी लिहिलेल्या होत्या. (मराठीतील लघुअनियतकालिकांचाही काळ हाच. यंत्र तेच, शाईने माखलेली बोटे तशीच. तेथे परंपरा झुगारण्याचा आवेश होता. येथे एका लोकप्रिय मालिकेला घट्ट धरून बसणे होते. प्रस्थापित संपादकाची अनुमती मात्र दोघांनाही नको होती.)

ज्याच्यापाशी स्वतःची प्रतिभा नाही तो दुसऱ्याची पात्रे उसनी घेतो, असे या लेखनाचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. ते टिकत नाही. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ (१९६७) या भागात इतिहासाचा क्रम बिघडू नये म्हणून कर्णधार कर्क आपल्या प्रेयसीला, एडिथ कीलरला, डोळ्यांदेखत मरू देतो. पुढच्या भागात तिचा उल्लेखही नाही. साप्ताहिक मालिकेच्या रूपबंधाला स्मृती परवडत नाही. चाहत्यांची कथा नेमकी तेथे सुरू होते. त्या रात्री कर्क झोपला असेल काय? भावना आवरण्याची शिस्त अंगी बाणवलेला स्पॉक त्याच्या दाराशी येऊन काय बोलला असेल? इझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतो त्या मनोमन भरल्या जातात; या स्त्रियांनी त्या टंकलिखित केल्या, एवढाच काय तो फरक. पात्रपरिचयाची गरज नसल्यामुळे पहिल्या वाक्यापासूनच शोकाला हात घालता येतो. वाचणारीलाही शेवट ठाऊक असण्याची अडचण होत नाही. कीर्तनाच्या श्रोत्याला ती कधी झाली?

मिशेल द सेर्तोने १९८० मध्ये वाचनाला परक्या रानातील चोरट्या शिकारीची उपमा दिली. हेन्री जेन्किन्सने १९९२ मध्ये ती चाहत्यांच्या अभ्यासात रुजवली. उपमा आकर्षक आहे, पण पुरती नाही. शिकारी सावज घेऊन निघून जातो. हे वाचक त्याच रानात वस्ती करतात, आणि त्यांच्या वावराने रान उणे होत नाही. शिवाय शिकाऱ्याला लाज नसते. या लेखनाला ती आहे, आणि तिचा इतिहासही आहे.

१९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘मिनॅजरी’ या चाहत्यांच्याच अनियतकालिकात एक छोटे विडंबन लिहिले. त्याची नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, साऱ्या ताफ्यातील सर्वांत तरुण अधिकारी. कर्क तिच्यावर लुब्ध होतो, ती केसांतल्या आकड्याने कुलूप उघडून सहकाऱ्यांना सोडवते, आणि अखेर सर्वांच्या साश्रू नयनांसमोर मरण पावते. विडंबन अचूक होते. तितकेच ते जिव्हारी लागणारे होते. ‘मेरी सू’ ही पुढे शिवीच झाली. कॅमिल बेकन-स्मिथ यांच्या १९९२ च्या अभ्यासात दिसते ते असे, की या शिक्क्याच्या धाकाने अनेक लेखिकांनी कर्तबगार स्त्रीपात्र रंगवण्याचेच टाळले. कर्क स्वतः कोणाचे स्वप्न आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. अवकाशयानाचा तरुण, देखणा, अजिंक्य कर्णधार ही पुरुषाची इच्छापूर्ती असली तरी तिला साहसकथा म्हणतात. साडेपंधरा वर्षांच्या मुलीने तेच मागितले की हसू येते.

तरीही स्मिथ यांचे हसू बाहेरच्याचे नव्हते. मेरी सूची चेष्टा ज्यांना कळायची होती त्यांनी तशा डझनावारी कथा वाचलेल्या असणे आवश्यक होते. कित्येकींनी त्या लिहिलेल्याही असणार. समीक्षकासाठी ते विडंबन मुळी नव्हतेच. केसांतला तो आकडा कोणाचा, हे वाचणारीला लगेच ओळखू येत होते.