नाकाच्या वाटेने निघालेल्या नॅनोकणास

नॅनोकणास,


औषध घेऊन तू नाकावाटे मेंदूत पोचशील, अशी आशा ठेवून असलेल्या घरांपैकी एक घर आमचं आहे. माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे. आमच्या घरात जेवणाची वेळ औषध ठरवतं. हे असं का, ते आधी सांगते, म्हणजे तुझ्याकडे इतकी माणसं का डोळे लावून बसली आहेत ते कळेल.

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? दिलं तरी ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. पॉल एर्लिख यांनी 1885 मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिला, तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. मेंदूला तो रंग धरतच नसावा, असं त्यांना वाटलं. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी 1913 मध्ये रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. या वेळी मेंदू रंगला, बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे रंग मेंदूला धरत होता, रक्तातून तिथवर पोचत मात्र नव्हता. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की बहुतेक औषधं तिथेच अडतात. डॉक्टर ज्याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात, तो हाच अडथळा.

लेव्होडोपा हे औषध तो ओलांडतं, कारण अमिनो आम्लांना आत नेण्याची जी सोय मेंदूपाशी आहे, तीच त्याला चालते. पण डाळ, दूध, अंडी यांतून आलेली अमिनो आम्लंही त्याच सोयीवर गर्दी करतात. म्हणून गोळी जेवणाच्या बऱ्याच आधी घ्यायची. शिवाय वाटेत रक्तातच लेव्होडोपाचं डोपामिन होऊन मळमळ सुरू होऊ नये, म्हणून जोडीला कार्बिडोपा. एका औषधाला मेंदूत पोचवायला एवढी खटपट लागते. मेंदूच्या गाठींवरच्या आणि स्मृतिभ्रंशावरच्या कित्येक औषधांना तर एवढीही सोय मिळत नाही.

म्हणूनच तुझी वाट आम्हाला महत्त्वाची वाटते. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध, कवटीचं एक पातळ हाड आहे. चाळणीसारखं, बारीक भोकांचं. वास ओळखणारे मज्जातंतू त्या भोकांतून थेट मेंदूच्या गंधकंदापर्यंत जातात. चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेचे फाटेही नाकाच्या आतल्या अस्तरात पसरलेले असतात. इथून वर गेलेल्या औषधाला रक्तातला अडथळा लागत नाही.

पण नुसतं औषध नाकात टाकून भागत नाही. अस्तरावरचा चिकट स्राव आणि त्याला ढकलणारे सूक्ष्म केस नाकातली कुठलीही वस्तू पंधरा-वीस मिनिटांत घशाकडे लोटतात. तिथली विकरंही नाजूक रेणू मोडतात. तुझं काम इथे सुरू होतं. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर, आणि तू साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटरचा. औषध पोटात घेऊन तू त्याला विकरांपासून वाचवतोस. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानचा तू असलास, तर तुझ्यावर धन विद्युत्भार असतो. नाकातल्या स्रावावर ऋण भार असल्यामुळे तू तिथे चिकटून राहतोस आणि पेशींमधले घट्ट जोड थोडा वेळ सैल करतोस. काही संशोधक तुला मेदाचा घडवतात, काही शरीरात विरघळणाऱ्या पीएलजीए या पॉलिमरचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अंबिकानंदन मिश्रा यांच्या गटाने 2006 मध्ये क्लोनाझेपाम हे फिटवरचं औषध अतिसूक्ष्म थेंबांत घालून प्राण्यांच्या नाकात दिलं आणि ते मेंदूत किती पोचतं ते मोजलं. तेव्हापासून आपल्या देशातल्या कितीतरी फार्मसी महाविद्यालयांत तुझ्यावर प्रबंध झाले आहेत.

आणि तरीही तू आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेला नाहीस. हे पत्र लिहायचं कारण ते आहे.

तुझी बहुतेक कीर्ती उंदरांच्या नाकात कमावलेली आहे. उंदराच्या नाकातलं जवळजवळ निम्मं अस्तर वासाचं असतं. माणसाच्या नाकात ते एक दशांशाहूनही कमी, आणि तेही फवारा सहजी पोचणार नाही अशा उंचीवर. एका नाकपुडीत एका वेळी जेमतेम दीडशे मायक्रोलिटर द्रव राहतो, त्याहून जास्त टाकलं की घशात उतरतं. म्हणजे अगदी थोड्या मात्रेत गुण देणारीच औषधं तुला वाहता येतील.

प्राण्यांच्या नाकावर विसंबण्याची किंमत टोरांटोने मोजलेली आहे. माकडांमध्ये पोलिओचा विषाणू नाकातून शिरतो, हे दिसल्यावर 1937 च्या साथीत तिथल्या सुमारे पाच हजार मुलांच्या नाकात वरपर्यंत झिंक सल्फेट फवारलं गेलं. पोलिओ टळला नाही, कारण माणसात तो मुख्यतः तोंडावाटे शिरतो. काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र गेली.

माणसांवरचे पुरावे आहेत, पण ते संमिश्र आहेत. जर्मनीत यान बोर्न यांच्या गटाने 2002 मध्ये दाखवलं की नाकातून दिलेलं इन्सुलिन तासाभराच्या आत माणसाच्या मेंदू-मज्जाद्रवात वाढलेलं दिसतं. त्यातून मोठी आशा निर्माण झाली. पण अमेरिकेत सौम्य विस्मरण किंवा अल्झायमर असलेल्या 289 जणांवर केलेल्या चाचणीचा निकाल 2020 मध्ये आला, तेव्हा वर्षभराच्या इन्सुलिन फवाऱ्याने स्मृतीला फायदा झालेला दिसला नाही. फवारणीचं यंत्रही त्यात मध्येच बदलावं लागलं होतं. ते इन्सुलिन तुझ्यात भरलेलं नव्हतं, हे खरं. पण वाट तीच होती. फिट आलेल्या मुलाच्या नाकात मिडाझोलाम फवारतात आणि त्याने जीव वाचतात, तेही तुझ्या बाजूची साक्ष म्हणून चालणार नाही. ते औषध नाकातून रक्तात उतरतं आणि रक्तातूनच मेंदूत जातं.

यापुढचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. निदान व्हायच्या कितीतरी आधी माझ्या वडिलांना फोडणीचा वास येईनासा झाला होता. पार्किन्सनमध्ये आणि अल्झायमरमध्येही हे वारंवार दिसतं. रोग गंधकंदाला फार लवकर गाठतो. वयानेही वासाचं अस्तर जागोजागी झिजतं. म्हणजे ज्यांना तुझी गरज आहे, नेमकी त्यांचीच वाट मोडकळीला आलेली. धडधाकट, तरुण उंदरात तू वर पोचलास, याचा अर्थ पंचाहत्तरीतल्या रुग्णात पोचशील असा होत नाही. तुझ्यावर काम करणाऱ्यांनी हा प्रश्न शेवटी ठेवू नये, पहिल्याच पानावर घ्यावा.

ही वाट आणखी कोणाकोणाची आहे, तेही लक्षात ठेव. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा याच चाळणीतून मेंदूत शिरतो. केरळने त्याचे बळी पाहिले आहेत. मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या मृतांच्या मेंदूत हवेतल्या प्रदूषणाशी जुळणारे मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे नॅनोकण सापडल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. स्वित्झर्लंडमध्ये 2000 साली आलेली नाकावाटेची फ्लूची लस चेहऱ्याच्या अर्धांगवायूमुळे मागे घ्यावी लागली. त्या लसीत जिवाणूच्या विषापासून बनवलेला एक पूरक घटक होता. तू औषध उतरवल्यावर तुझं कवच कुठे जातं, महिनोन्‌महिने रोज फवारलं तर गंधचेतांचं काय होतं, हे सांगितल्याशिवाय तू पुढे येऊ नयेस.

म्हणून माझं मागणं तुला घडवणाऱ्या हातांकडे आहे. वृद्ध, वास गमावलेल्या रुग्णांना चाचणीत घ्या. तीच मात्रा शिरेतून देऊन तुलना करा, म्हणजे औषध चेतांवाटे गेलं की रक्तावाटे, ते कळेल. प्रत्येकाची वासाची चाचणी आधी आणि नंतर करा. फसलेला प्रयोगही छापा. भारत सरकारने 2019 मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती पाळा.

आणि आमच्यासारख्या घरांना सांगणं असं, की नॅनो हा शब्द लावलेला नाकातला थेंब कोणी विकू लागलं तर हुरळून जाऊ नका. आपल्याकडे आयुर्वेदातलं नस्य, म्हणजे नाकात औषध सोडणं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, म्हणून हा थेंबही चालेल, असं होत नाही. चाचणीत सामील व्हायला सांगितलं, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, ती नोंदलेली आहे का ते पाहा. 2009 पासून ही नोंद सक्तीची आहे. नोंद असेल, डॉक्टर प्रश्नांना नीट उत्तरं देत असतील, तर मागे राहू नका. माणसाच्या नाकाबद्दलचं ज्ञान माणसांनी पुढे आल्याशिवाय मिळणार नाही.

तू माझ्या वडिलांच्या वेळेत पोचशील असं मला वाटत नाही. पण त्यांच्यानंतर ज्यांना हा आजार होईल, त्यांच्यापर्यंत तू सिद्ध होऊन पोचावंस, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याला वेळ लागला तरी चालेल, पुरावा मात्र माणसाचाच हवा.

कळावे,
तुझी हितचिंतक