पाण्याखालची शाळा

मुलांनो, अमरावतीच्या नळाला पाणी कुठून येतं, असं वर्गात विचारलं की निम्मा वर्ग एका सुरात ओरडतो, "टाकीतून!" आणि टाकीत कुठून येतं? मग सगळे गप्प. ते येतं मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून. सिंभोरा गावाजवळ वर्धा नदीवर बांधलेलं हे धरण १९९३ साली पूर्ण झालं. त्याला १३ दारं आहेत. जलाशयाचं नाव मोठं गोड आहे, नल-दमयंती सागर. दमयंती आपल्या विदर्भाचीच राजकन्या ना!

धरणाची भिंत पाहायला पुष्कळ सहली जातात. मला मात्र भिंतीमागचं पाणी आणि काठची गावं पाहायची होती. मार्चमधल्या एका रविवारी तो योग आला. मासेमारी करणारे ओळखीचे एक काका आपल्या नावेतून न्यायला तयार झाले. त्यांचा पाचवीतला नातूही संगे निघाला.

"तिघंच बसू, गुर्जी. जास्त नाई," काका म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच नदीत, वरूड तालुक्यात झुंज इथं, नाव उलटून ११ जण बुडाले होते. नावेत बसायची हौस कोणाला नसते? पण जो नावाडी माणसं मोजून घेतो, त्याच्याच नावेत बसावं.

काकांनी वल्हं मारलं आणि काठ मागं सरकू लागला. ही वर्धा सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते. गंमत पाहा, तापीचा उगमही मुलताईलाच! पण तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, आणि वर्धेचं पाणी प्राणहिता, गोदावरी असं करत थेट बंगालच्या उपसागराला मिळतं. एका गावच्या दोन बहिणी, एक पूर्वेला दिलेली, एक पश्चिमेला!

काकांनी आदल्या रात्री लावलेलं जाळं ओढलं. राहू आणि कतला जातीचे चार-पाच मासे निघाले. दूर उथळ पाण्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस बसले होते. हे पट्टकदंब. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात आणि उन्हं तापू लागली की परत जातात. नल-दमयंतीच्या गोष्टीत निरोप नेणारा हंसच होता, हे आठवून मला हसू आलं.

पुढे गेल्यावर काकांनी वल्हं थांबवलं. चहूकडे नुसतं पाणी.

"इथी काय आहे, आबाजी?" नातवानं विचारलं.

"इथी आमची शाळा होती. चौथीलोक मी इथीच शिकलो."

मी खाली वाकून पाहिलं. हिरवट पाण्याशिवाय काही दिसेना. "काका, तुम्हाला कसं कळलं नेमकं?"

त्यांनी हात लांब केला. "ते टेकडीचं टोक आन् काठावरची चिंच एका रेघेत आली. आता तिकडं पाहा, देवळाचा कळस आन् वडाचं झाड, तेही एका रेघेत. दोन्ही रेघा जुळल्या का समजाचं, आपन शाळेवर आहो."

दोन रेषा एकमेकींना एकाच बिंदूत छेदतात, हे आपण भूमितीत शिकतो. काकांनी त्या बिंदूवर आपली शाळा जपून ठेवली होती!

"घंटीपन बुडाली का मंग?" पोरानं विचारलं.

"घंटी कशी बुडन? ते नेली ना आम्ही संगं. तुले रोज आयकू येते, थेच."

पोरगं एकदम गप्प झालं.

दुपारी आम्ही पलीकडच्या काठाला लागलो. संत्र्याच्या बागांमधून मृगबहाराची तोडणी चालली होती. थोडं चालल्यावर काकांचं नवं गाव आलं. सरळ रस्ते, ओळीनं घरं. जुन्या गावात ज्यांची भिंतीला भिंत होती, त्यांना इथं वेगवेगळ्या ओळींत प्लॉट मिळाले. ओसरीवर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "गाव आलं बाप्पा, पन शेजार नाई आला."

शाळेच्या आवारात कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगला होता. हीच ती घंटी. नातू तिच्याजवळ गेला, हातानं चाचपून आला. रविवार होता, म्हणून वाजवली मात्र नाही.

या धरणानं पुष्कळ दिलं. अमरावतीला पिण्याचं पाणी, शेतांना कालवे, नांदगाव पेठच्या वीज केंद्रालाही पाणी. पण ज्यांची गावं आणि जमिनी गेल्या, त्यांच्या मागण्या तेवढ्यानं संपल्या नाहीत. २०२३ साली मोर्शीत धरणग्रस्तांनी शंभराहून जास्त दिवस आंदोलन केलं, आणि ऑगस्टमध्ये काही जणांनी मुंबईला मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. धरण पूर्ण होऊन तेव्हा ३० वर्षं झाली होती. पाणी जपून वापरा, असं आम्ही गुरुजी नेहमी सांगतो. त्यामागं हेही एक कारण आहे, बरं का! त्या पाण्यासाठी कोणीतरी आपलं अंगण दिलेलं आहे.

अकोल्याच्या दोस्तांनो, तुमच्या शहराला पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून. बाकीच्यांनी आपापल्या नळाचं धरण शोधून काढा. नकाशात त्याच्यावर बोट ठेवा. आणि घरी किंवा शेजारी कोणी धरणग्रस्त आजी-आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसून विचारा, विहीर कुठं होती, पार कुठं होता, शाळा कुठं भरायची? ते सांगतील तसा कागदावर नकाशा काढा. काकांच्या नातवानं त्याच संध्याकाळी पाटीवर टेकडी आणि चिंच काढायला घेतली होती.