भीती खरी असते तेव्हा

ओतूर,
पौष

प्रिय ताई,


मंगळवारी रात्री साडेबाराला तुझा फोन आला. दाजी उसात दारं धरायला गेले होते, लाईट बाराला आली होती, आणि बांधावरच्या कुत्र्यांचं भुंकणं एकाएकी थांबलं, बिबट्या आला असणार म्हणून तुझ्या जिवाचं पाणी झालं होतं. मी तुला सांगितलं, ‘ताई, आधी दीर्घ श्वास घे, सावकाश सोड.’ तू क्षणभर गप्प झालीस. मग म्हणालीस, ‘श्वासानं वाघ जातो का गं?’ आणि फोन ठेवलास.

तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. कुठं चुकलं ते फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहिते आहे.

फोन बंद झाला आणि मला आधी लाज वाटली, पाठोपाठ राग आला. अपरात्री मदत मागायची आणि दिलेली घ्यायची नाही, असं काहीबाही मनात आलं. पुन्हा फोन लावून तुला सुनवावं म्हणून बोट नंबरावर गेलंही होतं. अशा वेळेसाठी माझ्याकडे येणाऱ्यांना मी चार पायऱ्या शिकवते: थांब, एक पाऊल मागे ये, काय चाललंय ते बघ, मग जाणतेपणी वाग. मी मोबाईल ओट्यावर ठेवला. परातीत माठातलं पाणी ओतलं, श्वास रोखला आणि वाकून तोंड पाण्यात बुडवलं. वीस आकडे मोजले. डोळ्यांभोवती आणि गालांना गार पाणी लागलं आणि श्वास रोखलेला असला, की शरीर पाण्यात बुडी मारल्यासारखं वागतं, हृदयाचे ठोके मंदावतात. (तुझ्या मामंजींना मात्र हे करायला सांगू नकोस. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.)

राग ओसरला तेव्हा त्याच्या खालचं दिसलं. मीही घाबरले होते. तुझी भीती मला सोसवत नव्हती, म्हणून मी तुला गप्प करायला निघाले होते.

ज्या उपचारपद्धतीतून मी हे शिकले, ती डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात मार्शा लिनेहन यांनी उभी केली. त्यांची मूळ पुस्तकं १९९३ साली आली. जीव नकोसा झालेल्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसांसाठी ती पद्धत होती. आणि २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं की वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्या स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होत्या. म्हणजे ही कौशल्यं आधी त्यांच्याच जगण्याला लागली होती. या पद्धतीत उपचार करणाऱ्यांनीही आपसांत नियमित बसून स्वतःच्या चुका तपासायच्या असतात, तो उपचाराचाच भाग धरलाय. मला हे फार मोलाचं वाटतं. जे मी माझ्या स्वयंपाकघरात करत नाही, ते दुसऱ्याला सांगायचा मला हक्क नाही.

आता चूक. भावना अनावर झाली की आधी विचारायचं, ती वस्तुस्थितीला धरून आहे का? माळीण गावाचंच बघ. ३० जुलै २०१४ ला डोंगर खचला, १५१ माणसं गेली. त्या भागातलं एखादं माणूस आज मंचरच्या सपाटीवर, डोंगरापासून लांब राहतं आणि साध्या सरीनंही रात्रभर उठून बसतं. तिथं भीती मागच्या दिवसाची आहे. तिथं भीतीच्या उलट वागायला, पाऊस पडत असताना अंथरुणावर पडून राहायला, हळूहळू शिकवता येतं. पण तुझी भीती आजची आहे. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो, बिबट्याची मादी त्यातच विते, तोडणीला पिल्लं सापडतात. शिरूरच्या पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन जीव गेले, तिथली माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागली. ही भीती वस्तुस्थितीला अगदी धरून आहे. अशा वेळी भीती घालवायची नसते, तिचं ऐकून प्रश्न सोडवायचा असतो. हे डीबीटीच सांगते, आणि तेच मी त्या रात्री विसरले. श्वास घ्यायचा तो डोकं चालावं म्हणून, भीती खोटी आहे म्हणून नव्हे.

तू एकदा म्हणाली होतीस, ‘तुमचं ते स्वीकारणं म्हणजे निमूट सोसणंच की.’ नाही गं. बिबट्या आता आपल्या उसात राहतो, तो उद्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेऊन संपणारा विषय नाही, एवढं डोळे उघडून मान्य करणं हा स्वीकार. ते मान्य केलं की मगच पुढचं सुचतं. गोठा बंदिस्त करायचा, पोरांना एकटं सोडायचं नाही, शेतात वाकून किंवा बसून काम करताना दुसरं माणूस उभं ठेवायचं, आणि दिवसा वीज मागायची. स्वीकार आणि बदल एकाच वेळी धरायचे, यातलं एक सोडलं तर दुसरं लंगडं पडतं. बायांना नुसता पहिला अर्धा शिकवणाऱ्या माणसांचा मला राग येतो, आणि मंगळवारी मी त्यांच्यातलीच एक झाले.

मागण्याचंही एक कौशल्य आहे. आधी घडलं ते सांगायचं, त्यानं काय वाटतं ते सांगायचं, मग नेमकं काय हवं ते एका वाक्यात, आणि ते दिल्यानं समोरच्याचं काय भलं होईल तेही. कुणी विषय वळवला तरी मूळ मागणीवर परत यायचं. सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज द्यायची सरकारची योजना आहेच. तुमच्या शिवाराला ती कधी लागू होणार, हे लेखी विचारू. वस्तीवरच्या बायांच्या सह्या घे. रात्री घरात जागणाऱ्या त्याच असतात.

रविवारी सकाळच्या एसटीनं येते. अर्ज तुझ्या ओट्यावर बसून लिहू. तोवर रात्रीची लाईट आली तरी दाजींना एकट्यानं जाऊ देऊ नकोस. शेजारच्या बांधावरचं कुणी सोबत घ्या, हातात काठी आणि बॅटरी असू द्या. नाही जमलं तर ती पाळी सोडून द्या. ऊस एक पाणी सोसतो.

तुझी,
धाकटी